संत्री झेलायचा गेम, अकरा पानांचं लिस्टिंग आणि हरवलेलं सातवं पान

अजनीकर | ४ मे, रात्री १०:२०

नागपुरातलं अजनीचं जुनं घर रंगवायला काढलं आहे. माळ्यावरचं सामान उतरवताना कूलरच्या जुन्या ताट्यांमागे चपलांचा एक खोका सापडला. त्यात पाच फ्लॉप्या (सगळ्यांना बुरशी लागलेली), क्लासच्या फीची पावती आणि डॉट मॅट्रिक्सवर काढलेला एक प्रिंटआउट. दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या अजून शाबूत आहेत. रिबन संपत आलेली असावी, कारण शेवटच्या पानांवरची अक्षरं उन्हाकडे धरल्याशिवाय वाचता येत नाहीत.

हे आमच्या गेमचं लिस्टिंग आहे, म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या ओळी छापलेल्या. १९९५चा उन्हाळा, बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली. मी आणि शेजारचा मित्र, दोघांनी मिळून टर्बो सीमध्ये (सी भाषेत प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) लिहिला होता. वरून संत्री पडतात, खाली टोपली, डाव्या-उजव्या बाणानं टोपली हलवायची आणि झेलायची. पिकलेलं संत्रं झेललं की दहा गुण, कच्चं झेललं की वीस वजा. नाव 'बहार'.

पुस्तक एकच होतं, यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', तेही बर्डीच्या फुटपाथवरून जुनं घेतलेलं. कानेटकर सर नागपूरचेच. याचा आमच्यावर काय परिणाम झाला असेल ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. दिल्लीत छापलेल्या ज्या पुस्तकावरून देशभरची पोरं सी शिकत होती, ते लिहिणारा माणूस आपल्याच गावात राहतो, म्हणजे हे काम आपल्या गावात बसून करता येतं, एवढं आम्हाला पक्कं कळलं. त्या वयात ते पुरेसं होतं.

धंतोलीतल्या एका क्लासमध्ये तासाला पंधरा रुपये देऊन मशीन मिळायचं. चपला बाहेर, आत एसीचा गारवा, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आठवड्याला दोन तास परवडायचे, म्हणून बाकीचे दिवस घरी वहीत प्रोग्राम लिहायचा आणि कागदावरच चालवून बघायचा. एका बाजूला व्हेरिएबलची नावं, समोर त्यांच्या किमती, ओळ पुढं सरकली की जुनी किंमत खोडायची. मित्र कंपायलर व्हायचा, मी मशीन. तो ओळ वाचणार, मी किंमत लिहिणार. क्लासमध्ये पोचेपर्यंत निम्म्या चुका घरीच निघालेल्या असायच्या.

तिथली सगळी मशीनं ३८६ प्रोसेसरची, मॉनिटर काळे-पांढरे. रंगीत मॉनिटर एकच, सरांच्या टेबलावर. म्हणजे संत्र्याचा गेम लिहिला, पण संत्रं आम्हाला राखाडी दिसायचं. सरांनी एकाच रविवारी अर्धा तास त्यांच्या मशीनवर बसू दिलं. त्या अर्ध्या तासातलं संत्रं मला अजून दिसतं.

आता अडचण. अकरा पानांपैकी सातवं पान नाही. सहाव्या पानावर एक फंक्शन सुरू होण्याआधीच पान संपतं आणि आठव्याच्या पहिल्याच ओळीत नऊ नंबरच्या इंटरप्टवर 'जुना' नावाचं काहीतरी परत ठेवलेलं आहे. मेनमध्ये 'रंगलाव' आणि 'टोपली' या दोन फंक्शनना हाक मारली आहे, पण दोन्ही कुठंच नाहीत, म्हणजे ती सातव्या पानावर होती. आणखी एक कोडं: नवव्या पानावर काही संत्र्यांवर तीन ठिपक्यांची एक बारीक रेघ काढली आहे आणि शेजारी शेरा, 'देठ विसरू नको'. हा देठ कशाला होता ते आठवत नाही. मित्राशी संपर्क राहिलेला नाही.

मला हा गेम पुन्हा चालवायचा आहे. कोणाला मदत करता आली तर फार बरं होईल. आणि धागा उघडलाच आहे तर तुमच्याही त्या काळातल्या आठवणी येऊ द्या. नागपूरबाहेरचेही लिहा.

धरमपेठ_कट्टा | ४ मे, रात्री ११:०२

वा भाऊ, काय खोका उघडला तुम्ही! लिस्टिंगचं माहीत नाही, पण मी त्या काळातला खेळगडी. डेव्ह, डिगर, पॅराट्रूपर, सगळं एका फ्लॉपीत घेऊन फिरायचो. पॅराट्रूपरमध्ये एका बाजूला चार छत्रीवाले उतरले की ते एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफ उडवायचे. तिसरा उतरला की पोटात गोळा यायचा.

आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. पहिला टप्पा संपला की बाटल्यांची खोली. प्रत्येक बाटलीवर एक अक्षर, आणि कुठली प्यायची ते माहितीपुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द बघून ठरवायचं. आमच्याकडं पुस्तिका कुठून असणार? लोकमान्यनगरातल्या एका दादाकडं तिचं झेरॉक्स होतं, त्यावरून मी सगळी अक्षरं वहीत उतरवून आणली. इंग्रजीचे पाठ इतक्या काळजीनं कधी उतरवले नसतील.

त्या राजपुत्राचं धावणं बघून आम्ही थक्क व्हायचो. पुढं कळलं की जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं होतं. म्हणून तो कठड्याला लटकताना खरंच हात ताणल्यासारखा वाटतो.

स्कॅनकोड_७५ | ५ मे, सकाळी ७:४०

अजनीकर, निम्मं कोडं तुमच्या आठव्या पानानंच सोडवलं आहे. नऊ नंबरचा इंटरप्ट म्हणजे कीबोर्ड. कळ दाबली की मशीन हातातलं काम सोडून त्या इंटरप्टच्या फंक्शनकडं जातं. 'जुना' म्हणजे मूळ फंक्शनचा पत्ता. गेम सुरू होताना तो जपून ठेवायचा, त्या जागी आपलं फंक्शन बसवायचं आणि गेम संपताना जुना परत ठेवायचा. परत ठेवायला विसरलं तर गेम संपल्यावर कीबोर्ड मेलेलाच, मग रिसेटचं बटण.

हे का करावं लागलं तेही सांगतो. साध्या पद्धतीत 'गेटसीएच'नं कळ वाचली तर बाण दाबल्यावर आधी शून्य येतं आणि मग ७५ किंवा ७७. त्यात वाईट काही नाही. पण कळ दाबून धरली की टोपली एक पाऊल सरकते, क्षणभर थांबते आणि मग धावते, कारण कीबोर्ड पहिल्या अक्षरानंतर थोडं थांबून मग भराभर अक्षरं पाठवतो. टाइप करायला ती सोय चांगली, झेलायला घातक. तेवढ्या वेळात संत्रं जमिनीवर.

म्हणून थेट ६० नंबरच्या पोर्टवरून (हा हेक्स बरं का, म्हणजे सोळाच्या पद्धतीतला आकडा) स्कॅनकोड वाचायचा. डावा बाण दाबला की ७५, सोडला की त्यात १२८ मिळवून २०३. उजवा ७७ आणि २०५. दाबल्याचा कोड आला की 'डावा' नावाच्या खुणेत एक, सोडल्याचा आला की शून्य. गेमच्या फेऱ्यात फक्त ती खूण बघायची. शेवटी २० नंबरच्या पोर्टवर (हाही हेक्स) २०च पाठवायचे, म्हणजे इंटरप्टचं काम झालं अशी वर्दी जाते. ती पाठवली नाही तर पुढची कळ येतच नाही.

तुमच्याकडं जुन्या फंक्शनलाही हाक मारायची पद्धत होती का? तसं असेल तर पंधरा कळांत कीबोर्डचा बफर भरून मशीन बीप-बीप करायला लागलं असेल.

अजनीकर | ५ मे, सकाळी ८:१५

बीप! हौ! पहिल्या आठवड्यात मशीन ओरडायचं आणि सर आतून बाहेर यायचे. नंतर ते बंद झालं. म्हणजे नंतर आम्ही जुन्या फंक्शनला हाक मारणं सोडलं असणार. मनापासून आभार. रात्री लिहून बघतो.

इतवारीवाली | ५ मे, दुपारी ३:३०

गेमातलं मला कळत नाही, पण त्याच वर्षी माझ्या हातात डीबेस थ्री प्लस हा नोंदी ठेवायचा प्रोग्राम आला म्हणून लिहितेय. इतवारीत ठोक धान्याच्या एका पेढीवर हिशेबाला होते. शेठजींनी पुतण्याच्या सांगण्यावरून मशीन घेतलं, पण रोकडवही आणि खातेवही बंद केली नाही. दोन्हीकडं लिहायचं असा त्यांचा हुकूम. मला तेव्हा दुप्पट कामाचा राग यायचा.

डीबेसमध्ये पडद्यावर फक्त एक ठिपका असतो आणि तो वाट बघतो. 'यूज' म्हणून फाइल उघडायची, 'लिस्ट' म्हटलं की नोंदी धावायला लागतात. नोंद 'डिलीट' केली तरी जात नाही, तिच्यावर नुसती फुली पडते, 'रिकॉल' म्हटलं की परत येते. 'पॅक' म्हटल्यावरच जाते. ही फुलीची कल्पना मला फार आवडायची, कारण आमच्या वहीतही चूक कधी खरवडून काढत नव्हते, आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी 'पॅक'च्या ऐवजी 'झॅप' टाइप केलं. झॅप सगळं पुसतं. एरवी ते विचारतं, खरंच पुसू का? पण ज्या मुलानं प्रोग्राम लिहून दिला होता त्यानं वरती 'सेट सेफ्टी ऑफ' करून ठेवलं होतं, कारण त्याला सारखं विचारलेलं नको होतं. एका क्षणात शून्य नोंदी. शेठजी एक शब्द बोलले नाहीत. वही माझ्यापुढं सरकवली. तीन रात्री बसून मी आणि त्यांच्या सूनबाईंनी सगळं वर्ष पुन्हा भरलं, त्या वाचायच्या आणि मी टाइप करायची. लक्ष्मीपूजनाला चोपडीसोबत कीबोर्डलाही हळदकुंकू लागलं.

त्यानंतर फॉक्सप्रो आलं, टॅली आलं. पण आजही काही पुसायच्या आधी माझा हात थांबतो.

बेसिकचा_मास्तर | ५ मे, रात्री ९:१०

मी निवृत्त शिक्षक, वय वर्षे शहात्तर. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना काढली. तिच्यातून बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश मशीनं शाळांना मिळाली. आमच्या शाळेतही आली. स्मृती ३२ केबी. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही, पण त्या ३२ केबीत बेसिक शिकवता येत होतं, चित्र काढता येत होतं, आवाज काढता येत होता. चालू केलं की लगेच तयार, वाट बघणं नाही.

मुलांना मी कासव शिकवायचो. लोगो नावाची भाषा, आज्ञा दिली की पडद्यावरचं कासव चालत रेघ काढतं. पुढं शंभर, उजवीकडं नव्वद, असं चार वेळा म्हटलं की चौकोन. एकदा सातवीतल्या एका मुलीला वर्तुळ काढायचं होतं आणि लोगोत वर्तुळाची आज्ञाच मी शिकवली नव्हती. ती उठली, वर्गाच्या मधोमध उभी राहिली आणि स्वतः चालायला लागली. एक पाऊल, थोडं वळायचं, एक पाऊल, थोडं वळायचं. परत येऊन लिहिलं, पुढं एक, उजवीकडं एक, तीनशेसाठ वेळा. लोगोमागच्या पेपर्टसाहेबांना जे म्हणायचं होतं ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

पुढं पीसी आले आणि त्यांच्याबरोबर व्हायरस. तुमच्यापैकी कोणाला जोशी आठवतो का? फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. ५ जानेवारीला मशीन चालू केलं की अडून बसायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा, मगच पुढं. आम्ही ४ तारखेला संध्याकाळीच मशीनचं घड्याळ दोन दिवस पुढं ढकलून ६ तारखेवर नेऊन ठेवायचो.

धरमपेठ_कट्टा | ५ मे, रात्री ९:२५

सर, त्या वर्तुळासाठी तुम्हाला नमस्कार.

नवा_कंपायलर | ६ मे, सकाळी ११:४५

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी कॉलेजात सी शिकवतो. टर्बो सी आणि त्यावर बेतलेली पुस्तकं यांनी आपल्याकडच्या दोन पिढ्यांना चुकीच्या सवयी लावल्या. 'व्हॉइड मेन', 'कोनिओ', प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला पडदा पुसणं, शेवटी 'गेटसीएच'. यातलं काहीच सीच्या प्रमाण रूपात नाही. मुलांना इंटिजर दोन बाइटचा असतो असं पाठ असतं, कारण टर्बो सीमध्ये तसा होता. ३२७६७च्या पुढं मोजलं की उणे ३२७६८ येतं, हे त्यांना भाषेचा नियम वाटतो. मुलाखतीत 'आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय' याचं उत्तर विचारतात आणि मुलं आकडा सांगतात, जेव्हा भाषेनं त्याला उत्तरच ठेवलेलं नाही. कर्निघन आणि सी बनवणारा रिची यांचं पुस्तक १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्रमाण सी शिकवतंय. ते फार थोड्यांनी वाचलं. गोड आठवणींपायी हे झाकलं जाऊ नये.

वर्धा_पॅसेंजर | ६ मे, दुपारी १:३०

सर, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. पण दुसरी बाजू लिहितो.

मी वर्ध्याचा. १९९३ ते ९६ दर शनिवारी पॅसेंजरनं नागपूरला यायचो. सेवाग्राम, सिंदी, बुटीबोरी, खापरी, अजनी, दोन तासांचा प्रवास. कर्निघन-रिची मी लायब्ररीत बघितलं होतं. सुंदर पुस्तक, पण ते ज्याला प्रोग्रामिंग येतं त्याच्यासाठी आहे. आमच्याकडं सांगायला कोणी नव्हतं. मराठी माध्यम, घरात इंग्रजी पेपरही येत नाही. अशा मुलाला पॉइंटर समजावायचा तर कानेटकरांसारखंच समजावावं लागतं, मेमरीचा एक खण काढायचा, त्यात किंमत, खणाखाली पत्ता, दुसऱ्या खणात तो पत्ता. मी ती चित्रं गाडीत बसून उतरवली आहेत आणि त्या चित्रांनीच मला नोकरी दिली. चुकीच्या सवयी नंतर सोडता येतात, मी सोडल्या. सुरुवात झाली नसती तर सोडायलाही काही नसतं.

आणि बीजीआयची, म्हणजे टर्बो सीच्या चित्रं काढायच्या भागाची, तिरकी रेघ (बॅकस्लॅश) कोण विसरेल? 'इनिटग्राफ'ला रस्ता देताना 'सी कोलन टीसी बीजीआय' असं एकेरी रेघेनं लिहिलं की ग्राफिक्स सुरूच व्हायचं नाही. चार शनिवार मी त्यात घालवले. कारण तिरकी रेघ आणि टी म्हणजे सीमध्ये टॅब, तिरकी रेघ आणि बी म्हणजे बॅकस्पेस. रस्त्याचे तुकडे झालेले आणि मशीन बिचारं भलतीकडं शोधतंय. रेघ दोनदा द्यायची. ज्या दिवशी हे समजलं त्या दिवशी अक्षरमाळ म्हणजे काय ते मला कायमचं समजलं. सर, ही गोष्ट प्रमाण सीचीच आहे बघा, आणि मला ती टर्बोनं शिकवली.

नवा_कंपायलर | ६ मे, दुपारी २:०५

तिरक्या रेघेचं उदाहरण उद्या वर्गात सांगणार आहे. परवानगी असू द्या.

महालचा_टंकक | ६ मे, रात्री १०:५०

राजेहो, तुम्ही सगळे प्रोग्राम लिहिणारे. मी छापणारा. महालात आमचा छापखाना होता, खिळे जुळवायचा. १९९०नंतर खिळे गेले आणि मी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवरून संगणकावर आलो.

आमच्या कामाची खरी गोष्ट पुण्यात घडत होती. सी-डॅकनं जिस्ट नावाचं कार्ड काढलं. ते मशीनच्या पोटात बसवलं की डॉसमधल्या वर्डस्टारमध्ये, लोटसमध्ये देवनागरी उमटायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी 'श्री' टाइप केलं आणि तो पडद्यावर नीट जुळून आला. खिळ्यांत 'श्री'चा वेगळा खिळा असतो, तो झिजला की कुंकवाच्या कागदावर फिका उमटतो. इथं तो झिजणार नव्हता. मी तो एकाच कागदावर ओळीनं छापून घरी नेला, आईला दाखवायला.

पुढं विंडोज आलं, पेजमेकर आलं, श्रीलिपी आलं, आकृती आलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, काय नाही केलं. पण प्रत्येकाचा फाँट वेगळा आणि आतली अक्षरांची बैठक वेगळी. एकाच्या फाइलमधला 'क' दुसऱ्याकडं उघडला की इंग्रजी कंस किंवा डॉलरचं चिन्ह. खरं तर फाइलमध्ये मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फाँट गेला की मराठी गेली. युनिकोड आलं तेव्हा प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि हे थांबलं. आता तुम्ही सगळे इथं लिहून राहिले ना, हे त्याच्यामुळंच.

माझ्याकडं एका विणकर वस्तीतल्या म्हाताऱ्या कवीचा संग्रह आहे, ९७ साली मी लावला होता. छापायच्या आधी ते गेले. फाइल आहे, फाँट नाही. अजनीकर, तुमचं सातवं पान हरवलं आहे, माझी सगळी पानं आहेत आणि एकही वाचता येत नाही. कोणाकडं त्या काळातल्या फाँटची यादी, नुसता तक्ता जरी असला, तरी सांगा. एकेक अक्षर हातानं बदलीन.

इतवारीवाली | ६ मे, रात्री ११:२०

काका, त्या फाइलच्या एका पानाचा फोटो टाका. गचाळ दिसलं तरी चालेल. कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं तर काना आणि अनुस्वार आधी सापडतील, मग बाकीचं. एखादी कविता कोणाला तोंडपाठ असेल तर आणखी सोपं. मी बसते तुमच्यासोबत, वाचायला आणि टाइप करायला.

अजनीकर | ७ मे, रात्री १२:१०

डॉसबॉक्समध्ये (जुना डॉस आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) टर्बो सी २.०१ बसवलं. बोरलँडनं नंतर ते मोफत दिलं होतं, त्याची प्रत माझ्या जुन्या डिस्कवर होती. दहा पानं हातानं टाइप केली, तीन संध्याकाळी लागल्या. कंट्रोल-एफ-९ दाबायच्या आधी बोट आपोआप एफ-२कडं गेलं. चुकीचा पॉइंटर असला की मशीन अडकायचं आणि न साठवलेलं सगळं जायचं, म्हणून आधी साठव, मग चालव. इतक्या वर्षांनी बोटाला आठवतंय.

स्कॅनकोडभाऊ, टोपली चालली! दाबून धरली की सरळ धावते, सोडली की थांबते.

पहिल्यांदा संत्री मात्र दिसलीच नाहीत. वेग कमी करायला आम्ही आत रिकामा फेरा ठेवला होता, ३८६ला तो पुरायचा. इथं सगळा बहार एका क्षणात झडून गेला. कंट्रोल-एफ-११ दाबून दाबून मशीन हळू केलं तेव्हा खरी पडायला लागली.

आता 'रंगलाव'. व्हीजीएच्या, म्हणजे त्या काळच्या पडद्याच्या कार्डाच्या, सोळा रंगांत नारिंगी नाहीच. लाल आहे, तपकिरी आहे, पिवळा आहे. म्हणून पिवळ्याचा क्रमांक १४ घेऊन त्याच्या जागी नवा रंग भरायचा, एवढं मला आठवतंय. लाल ६३, हिरवा ३५, निळा ०, ही किंमत दहाव्या पानावरच्या एका शेऱ्यात सापडली. ३सी८ पोर्टवर रंगाचा क्रमांक १४ पाठवला, ३सी९वर या तीन किमती. काहीही बदल नाही. संत्री लिंबासारखी पिवळी पडून राहिली आहेत.

वर्धा_पॅसेंजर | ७ मे, सकाळी ६:३५

१४ नाही. ६२.

वही काढून बघितली. रंगाचा क्रमांक आणि खऱ्या रंगपेटीतला खण यांच्यामध्ये आणखी एक तक्ता असतो. ईजीए या आधीच्या कार्डाच्या जुन्या रंगांशी जमवून घ्यायला व्हीजीएनं तो ठेवला. ० ते ५ जसेच्या तसे, ७ही तसाच. ६ म्हणजे तपकिरी, तो खण २० वर. आणि ८ ते १५ हे ५६ ते ६३ वर. म्हणून पिवळा १४ म्हणजे खण ६२. तुम्ही ज्या १४ नंबरच्या खणात रंग भरलात त्याच्याकडं पडद्यावरचा एकही रंग बघतच नाही.

हा तक्ता मी ९४ साली लायब्ररीत उभ्यानं उतरवला होता, तारीखही घातली आहे, २३ जुलै. पावसाचे डाग पडले आहेत, पण आकडे स्वच्छ आहेत. फोटो टाकतोय.

अजनीकर | ७ मे, रात्री ९:४५

झालं.

६२ लिहिलं आणि चालवलं. पडद्याच्या वरून पहिलं संत्रं सुटलं ते नारिंगी. सरांच्या टेबलावर त्या रविवारी होतं तसंच, गच्च, फेब्रुवारीतल्या मृग बहाराच्या फळासारखं. मागोमाग एक कच्चं, पोपटी, डोक्यावर तीन ठिपक्यांचा देठ. मी बराच वेळ टोपली हलवलीच नाही, नुसता बघत बसलो.

मुलगी शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, बाबा, कच्चं हिरवं दिसतंयच, मग देठ कशाला? मलाही सांगता येईना. मग तिनं लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा काळा-पांढरा केला.

नारिंगी आणि पोपटी दोन्ही जवळजवळ एकच राखाडी. पिकलेलं कुठलं आणि कच्चं कुठलं, काही कळेना. फक्त देठ दिसत होता.

क्लासमधल्या त्या बाकीच्या मशीनांवर बसणाऱ्यांसाठी होता तो. आम्ही स्वतः त्यांवरच बसायचो. शेऱ्यातलं अक्षर माझं नाही, म्हणजे लिहिण्याची ती ढब माझी नाही, मी कधीच 'विसरू नको' असं लिहीत नसे. ते मित्राचं आहे. उद्या त्याच्या जुन्या घराच्या गल्लीत जाऊन त्याचा पत्ता कोणाला माहीत आहे का ते विचारतो.

वर्धाभाऊ, स्कॅनकोडभाऊ, सातवं पान आता मी पेनानं लिहून सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये ठेवलं आहे. खाली तुमची दोघांची इथली नावं घातली आहेत.

टंकककाका, त्या कवितासंग्रहाच्या पानाचा फोटो अजून आला नाही. वाट बघतोय.

महालचा_टंकक | ७ मे, रात्री १०:३०

टाकतो. मशीन चालू करून राहिलो. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आहे, तीन ओळींची. ती मला पाठ आहे.